सोडियमच्या उजेडातला चुडा

रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल हे बाईमाणसाचं काम नाही, असं मला तोंडावर कुणी म्हटलं नाही. फक्त नोकरीच्या पहिल्या महिन्यात जो येईल तो विचारायचा, "साहेब कुठंयत?" मी म्हणायचे, "बोला, मीच." मग माणूस जरा थांबायचा, इकडंतिकडं बघायचा आणि शेवटी सांगायचा की त्याच्या गल्लीतला खांब बंद आहे. खांब दुसऱ्या दिवशी चालू झाला की त्याचं साहेबांशी काही काम उरायचं नाही.

नांदेडच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मी लातूर जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत लागले. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती माणसं अजून तिथंच आहेत. माझ्या हाताखाली एक वायरमन होते. वयानं माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचे आणि ते मला म्याडम. चाचांना दिव्याचं दुखणं खालूनच कळायचं. खांबाला कान लावून ते चोकची, म्हणजे दिव्याला वीज बेतून देणाऱ्या गुंडाळीची, घरघर ऐकायचे आणि सांगायचे, "चोक ठीक है, इग्निटर गया." इग्निटर म्हणजे दिव्याला पेटायचा पहिला झटका देणारा डबा. मी सुरुवातीला त्यांनाच वर चढवून खात्री करून घ्यायचे. चार-सहा वेळा ते बरोबर निघाले, तेव्हा मी खात्री करणं सोडून दिलं.

हे दिवे आता राहिले नाहीत, म्हणून थोडं सांगते. काचेच्या मोठ्या बल्बच्या आत बोटाएवढी नळी असायची. नळीत वाफ कोंडलेली. त्या वाफेतून वीज वाहिली की उजेड पडायचा. तार तापून पेटणारा बल्ब वेगळा, हे वेगळं. वाफ पाऱ्याची असली तर निळसर पांढरा उजेड, त्याला आम्ही मर्क्युरी म्हणायचो. सोडियमची असली तर पिवळा. वडील रेल्वेत होते, आमचं बालपण मुदखेडच्या क्वार्टरमध्ये गेलं. तिथल्या यार्डातल्या उंच मनोऱ्यावर सोडियमचे दिवे लागायचे. आधी गुलाबी ठिपका, मग नारिंगी आणि चार-पाच मिनिटांनी पिवळाधमक उजेड. त्या चार-पाच मिनिटांत माझं एक गणित सुटायचं. डिप्लोमाला गेल्यावर कळलं की तेवढा वेळ आतली वाफ तयार व्हायला लागतो. मला ते आवडलं. घाई न करता पूर्ण ताकदीनं काम करणारी वस्तू मला नेहमीच पटते.

नगर परिषदेच्या बाजाररस्त्यावर तेव्हा जुने मर्क्युरी होते. थकलेले. पाऱ्याचा दिवा एकदम मरत नाही, वर्षानुवर्षं मंद होत जातो आणि लोकांना वाटतं आपलेच डोळे गेले. त्यावर किडेही फार. पावसाळ्यात भज्यांचा गाडीवाला एका हातानं झारा आणि एका हातानं पुठ्ठा हलवत असायचा. मी सोडियमचा प्रस्ताव तयार केला. तेवढ्याच विजेत जवळजवळ दुप्पट उजेड, आयुष्य जास्त, किडे कमी. बिघडला तर चोक वेगळा, इग्निटर वेगळा, बल्ब वेगळा बदलता येतो. अख्खा दिवा फेकायला लागत नाही. डाळमिलचा धुराळा हवेत असला की पिवळा उजेड त्यातून बरा दिसतो असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. ते कितपत खरं ते मला माहीत नाही, पण प्रस्तावात मी तेही लिहिलं.

प्रस्ताव मंजूर झाला. एका आठवड्यात आम्ही चौकापासून मशिदीच्या कमानीपर्यंत सगळे खांब बदलले. पहिल्या संध्याकाळी रस्ता असा उजळला की लोक दुकानातून बाहेर येऊन वर बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "लगीनघर झालं की." मी चाचांना चहा पाजला. तो दिवस चांगला होता.

त्या रस्त्याच्या वळणावर, खांबाखाली, एक बांगडीवाली बसायची. गावातल्या जुन्या मनियार घरातली. सगळे तिला भाबी म्हणायचे, अगदी तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. जमिनीवर सतरंजी, मागं लाकडी पेटी आणि पुढं काचेच्या बांगड्यांच्या लडी. तिचा धंदा संध्याकाळचा. आसपासच्या खेड्यांतल्या बायका शेतातलं आटपून, जीपमधून येणार, भाजी घेणार आणि जाताना तिच्यापुढं हात करणार. नवरीचा हिरवा चुडाही तिथंच भरला जायचा. मनियारणीला घरी बोलवायची रीत आमच्याकडं मागं पडली होती. भाबी मापाच्या बांगडीकडं बघायची नाही. बाईचा हात हातात घेऊन एकदा दाबायची आणि लडीतून नेमकी बांगडी काढायची. ती म्हणायची, "माप हाताला कळतं, डोळ्याला फक्त रंग."

सोडियम लागून चौथा दिवस. सकाळी आठ वाजता मी कार्यालयात पोचले तर ओसरीवर बायकांचा घोळका. मध्ये एक नवरी, हळद लागलेली. तिच्या शेजारी तिची आत्या, उंच, खणखणीत बाई, आणि समोर पायरीवर भाबी, पेटी शेजारी ठेवून, पदर डोक्यावर ओढून.

आत्यानं नवरीचा हात धरून माझ्यापुढं केला. "बघा म्याडम. हा चुडा हिरवा हाय का?"

हिरवा नव्हता. गडद निळा होता, इतका गडद की सावलीत काळा दिसावा. आदल्या संध्याकाळी भाबीच्या समोर दोन नव्या लडी होत्या, एक गर्द हिरवी, एक गर्द निळी. माझ्या पिवळ्या उजेडात दोन्ही सारख्याच तपकिरी. भाबीनं निळ्या भरल्या. घोळक्यातल्या अकरा बायकांपैकी एकीलाही कळलं नाही. गावी गेल्या तर तिथं लाइट नव्हती. सकाळी उन्हात हळदीला हात पुढं केला आणि नवरीच्या आईनं तिथंच बसकण मारली.

"दुपारी अक्षता हायत," आत्या म्हणाली. "काळा चुडा घालून पोरगी उभी करू का? आणि फोडून काढाव्या तर लग्नाच्या दिवशी नवरीच्या बांगड्या वाढवल्या म्हणून सासरचे जन्मभर बोलतील."

मग ती भाबीकडं वळली. "म्हातारी झालीस, दिसत न्हाई, तर घरी बसावं."

  भाबी माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, माझा डोळा आंधळा न्हाई. तुमची लाइट आंधळी हाय."

मी त्यावर बोलणार होते. सोडियमच्या उजेडात जवळजवळ सगळा पिवळाच रंग असतो, निळा-हिरवा नावापुरताच, त्यामुळं वस्तूवरचा तो रंग परत फिरून डोळ्याला येत नाही. हे मला परीक्षेत आलेलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते. प्रस्तावात मात्र मी ते लिहिलं नव्हतं. रस्त्याला रंग कशाला लागतो, असं वाटलं होतं.

"आता काय करायचं ते सांगा," मी म्हणाले.

"साबण द्या," भाबी म्हणाली. "आणि तांब्याभर पाणी."

मी हात धुवायचा साबण आणि पाणी आणलं. भाबीनं नवरीला पायरीवर बसवलं, तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला, फेस केला आणि पंजा दाबायला लागली. अंगठा तळव्यात मुडपला, करंगळीकडचं हाड आत घेतलं, आणि हात असा निमुळता झाला की मला तो त्याच पोरीचा वाटेना. पहिली बांगडी सांध्यावर आली आणि अडली.  भाबीनं जोर केला नाही. बांगडी किंचित तिरपी केली, पोरीला म्हणाली, "सासू कशी हाय गं?" पोरगी हसली, हात ढिला पडला, आणि बांगडी आली.

दोन्ही हातांत मिळून एकवीस बांगड्या होत्या. मी तांब्या धरून शेजारी उभी होते आणि मोजत होते. नवरीच्या चुड्याच्या बांगड्या घट्टच भरतात, उतरायच्या नसतातच त्या. प्रत्येक बांगडीला वेगळी युक्ती लागत होती. एकदा तिनं दोन बांगड्यांच्या मध्ये पातळ पिशवीचा तुकडा सरकवला. एकदा नुसतीच थांबून राहिली, पोरीच्या हाताची सूज उतरेपर्यंत. तेराव्या बांगडीला आत्या पुटपुटायला लागली तेव्हा भाबी मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही जरा त्या टोकाला उभ्या ऱ्हावा. तुमच्या आवाजानं काच तडकंल." घोळक्यात हसू फुटलं. आत्या खरंच टोकाला जाऊन उभी राहिली.

एकविसावी निघाली. एकही वाढली नव्हती. मग उन्हात, सगळ्यांनी पारखून घेतलेल्या हिरव्या बांगड्या तिनं भरल्या. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

आत्यानं हात फिरवून फिरवून बघितले. ती न्यायाची बाई होती. म्हणाली, "हातात तुझ्या कला हाय, भाबी, न्हाई म्हणत न्हाई. पण संध्याकाळी आता तुझ्यापुढं हात करायचा न्हाई. आमच्या गावातली एकबी बाई करायची न्हाई."

त्या जीपमध्ये बसून गेल्या. भाबीनं निळ्या बांगड्या पुसून पुन्हा लडीत ओवल्या.  ती म्हणाली, "दुपारी कोण येतं हो बाई बाजाराला? दुपारी समदे रानात."

आठवडाभर मी जाता-येता बघत होते. आत्याचं बोलणं खेड्याखेड्यांत पोचलं होतं. बायका भाजी घेऊन वळणावर यायच्या, भाबीशी दोन शब्द बोलायच्या आणि पुढं जायच्या. तिनं चार्जिंगचा दिवा आणून पेटीवर ठेवला. पिवळ्या झोतापुढं तो काजव्यासारखा दिसायचा. हातात धरावा तर दोन्ही हात बांगडी भरण्यात.

मी मुख्याधिकाऱ्यांकडं गेले. ते म्हणाले, "एका बांगडीवालीसाठी खांब बदलायचा?"

मी म्हणाले, "तिथं साडीवालाही आहे सर, आणि फळवाले. ते अजून बोलले नाहीत एवढंच. आणि दिवा मी निवडला होता."

"सोडियम वाईट आहे असं लेखी देता का मग?"

"नाही. रस्त्याला तोच चांगला. बाजाराला एकटा पुरत नाही, असं देते."

त्यांनी हात जोडले, म्हणजे परवानगी दिली. अट एकच, नवीन खरेदी नाही. चाचा म्हणाले, "म्याडम, सोडियमला रंग दिसत नहीं. मेरेकू भी चष्म्याशिवाय नहीं दिसता, तरी नोकरी चालूच है ना?" पण गोदामाची किल्ली घेऊन तेच पुढं निघाले.

आम्ही गोदामाच्या खिडक्यांना पोती लावली, भरदुपारी अंधार केला आणि तीन दिवे टांगले: नवा सोडियम, उतरवलेला मर्क्युरी, आणि मैदानावरच्या दिव्यांतला एक शिल्लक मेटल हॅलाइड. त्यातही पाराच, पण सोबत आणखी काही क्षार असतात, म्हणून उजेड पांढरा पडतो. मग चाचांनी भाबीला बोलावून आणलं. मला तक्ते वाचून ठरवता आलं असतं. पण तक्ता वाचून एकदा ठरवलं होतं.

भाबी पेटी घेऊन आली. सोडियमखाली तिनं सात रंगांच्या बांगड्या मांडल्या आणि म्हणाली, "ह्या समद्या एका आईच्या लेकी." मर्क्युरीखाली हिरवा छान उठला, पण लाल बांगडी वाळलेल्या रक्तासारखी दिसायला लागली. "नवरीला बरं," ती म्हणाली, "बाकीच्या बायकांनी काय पाप केलं?" मेटल हॅलाइड गरम व्हायला वेळ लागला. तोपर्यंत ती भिंतीला टेकून बसली. उजेड पूर्ण आला तेव्हा तिनं डोळे मिटून सगळ्या बांगड्या पदरात मिसळल्या, मग डोळे उघडून एकेक वेगळी केली. गर्द हिरवी आणि गर्द निळी शेवटी. मग एक हलकी, रंग उडालेली लाल बांगडी उचलून म्हणाली, "ह्यात माल लई खरा दिसतो, बाई."

"मग?"

"दिसू द्या. खराबच हाय ही."

चाचांनी तिला आधीच सांगून ठेवलं. "भाबी, इसका एक नखरा है. लाइट गेली आणि लगेच आली, तरी हा लगेच पेटत नाही. गरम असतो. थंड होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं रुसून बसतो."

"जावई हाय म्हणा की."

"जावईच. सोडियम मात्र दोन मिनिटात येतो. तो घरका बेटा है."

म्हणून आम्ही त्या खांबावर दोन हात बसवले: रस्त्याकडं सोडियम, सतरंजीकडं मेटल हॅलाइड. दोघांचे चोक वेगळे, ते अदलाबदल होऊ नयेत म्हणून चाचांनी एकाच्या पेटीला पांढरा रंग लावला. संध्याकाळी साडीवाल्यानं आपला पाट दोन हात सरकवून त्या उजेडात घेतला. फळवाल्याची डाळिंबं लाल झाली. बायका मात्र लगेच आल्या नाहीत. दिवा एका दिवसात बदलता येतो, बोललेला शब्द नाही. गावातल्या दोघी-तिघी बसायला लागल्या, पण खेड्यातली जीप आली की भाबीची मान वर व्हायची आणि जीप रिकामी झाली की खाली जायची.

पुढच्या लग्नसराईत मी त्या वळणावर डाळिंबं घेत होते. आत्या आली. या वेळी तिच्या स्वतःच्या मुलीचं लग्न होतं आणि मुलगी सोबत होती. ऊन असताना आली होती, ते ठरवूनच असणार; पण साडीच्या दुकानात दिवस मावळला. ती भाबीच्या सतरंजीपुढं उभी राहून वर खांबाकडं बघत होती.

"ही पांढरी कधी लागली?"

"तुमच्या कृपेनं," भाबी म्हणाली.

आत्यानं हिरव्या लडीतली एक बांगडी काढली, उजेडाकडं धरली, मग पदराच्या हिरव्या काठाला लावून बघितली. बराच वेळ बघितली. मग मुलीला म्हणाली, "बस."

भाबीनं मुलीचा हात दाबून माप घेतलं आणि भरायला सुरुवात केली. डाव्या हातात सात झाल्या असतील आणि वीज गेली. त्या दिवसांत संध्याकाळी ती अशी डोळा मिटल्यासारखी जायचीच. क्षणात आली. दुकानांतले बल्ब लागले. खांबावरचा सोडियम दोन मिनिटांत गुलाबी झाला आणि पिवळा व्हायला लागला. मेटल हॅलाइड काळाच.

भाबीनं हातातली आठवी बांगडी पेटीवर ठेवली आणि दोन्ही हात मांडीत घेतले.

"भर की," आत्या म्हणाली. "आला ना उजेड."

"हा न्हाई. पांढरा येऊ द्या."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. पंधरा."

"जीप निघंल माझी."

"मग सात घालून न्या, बाकीच्या उद्या दुपारी या. पण ह्या उजेडात मी नवरीला बांगडी भरायची न्हाई."

आत्या उभीच होती. पिवळ्या उजेडात मुलीच्या हातातल्या सात हिरव्या बांगड्या तपकिरी झाल्या होत्या. तिनं त्या पाहिल्या, मला दिसत होतं. जीपवाल्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला. मी वर बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या दिव्याच्या सावकाशीचा राग येत होता.

आत्यानं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. जीपकडं वळून, सगळा बाजार ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "दम धर रं जरा. चुडा भरून राहिलोत, दिसंना का?" मग ती सतरंजीवर मांडी घालून बसली, लेकीच्या शेजारी, आणि आपलाही हात पुढं करून म्हणाली, "तवर माझं माप घेऊन ठेव. रंग मग बघू."

भाबीनं तिचा हात हातात घेतला आणि दाबला.